दुसऱ्या मजल्यासाठी दहा किलोमीटर

९ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, "पळायला हरकत नाही. पण रोज किती पळालात, दम कुठे लागला, ते एका वहीत लिहीत जा. महिन्याने मला दाखवा." म्हणून ही वही. डॉक्टरांना दाखवायचं ते वेगळ्या कागदावर उतरवून देईन. इथे मी मला हवं ते लिहिणार आहे, कारण घरात बोलायची सोय राहिलेली नाही.

झालं ते असं. ३० एप्रिलला शहरात दहा किलोमीटरची शर्यत आहे. पळणाऱ्याने एखादी संस्था निवडायची आणि तिच्यासाठी देणग्या मिळवायच्या. माझी ताई शेवटचे अकरा महिने ज्या शुश्रूषागृहात होती, तिथे लिफ्ट नाही. मेट्रनबाई लिफ्टच्या देणग्यांसाठी पळायला कुणी मिळतं का बघत होत्या, मी माझं नाव दिलं. लाँड्रीच्या काउंटरवर तसा कागदही चिकटवला.

शनिवारी फरशीवाले आले. फरश्यांचं मोठं दुकान आहे त्यांचं. अठरा वर्षं त्यांचे पांढरे शर्ट माझ्या इस्त्रीखालून जातात. कागद वाचून विचारलं, "पळणार कोण?"

"मी."

पोट धरून हसले. "तुम्ही? मावशी, अहो दीड तासाच्या आत दहा किलोमीटर पळून दाखवा, लिफ्टचा अर्धा खर्च माझ्याकडून!"

मावशी! हा माणूस माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. मी छप्पन्नची, तो अठ्ठावन्नचा. त्याच्या केसांचा काळा रंग दर आठवड्याला कॉलरला लागलेला असतो आणि तो काढते मी.

मी पावतीपुस्तक पुढे सरकवलं. म्हटलं, लिहून द्या. चार गिऱ्हाइकं बघत उभी होती, त्यामुळे माघार घ्यायची सोय नव्हती. लिहिलं, सही केली, आणि व्यापारी माणूस तो, खाली एक ओळ वाढवली: 'अधिकृत निकालात नाव आणि वेळ हवी.' मी म्हटलं, येईल की.

घरी ह्यांना सांगितलं. हे बस डेपोत टाइमकीपर होते. एकतीस वर्षं फाटकाशी खुर्ची टाकून बसले आणि आत-बाहेर जाणारी प्रत्येक गाडी टिपली. गाडीचा नंबर, वेळ, पुढची कोणती, मागची कोणती. वेळेची एवढी जाण असलेल्या माणसाला घरात कधी काय बोलावं ते मात्र कळत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, ताई तर गेली. आता लिफ्ट कुणासाठी?"

मी ताट उचलून आत निघून गेले. हा विषय या घरात बंद.

११ जानेवारी, बुधवार

पहिला दिवस. सकाळी सहाला निघाले. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यापर्यंत गेले, तेही निम्मं चालत. तिथून शुश्रूषागृहाचा दुसरा मजला दिसतो. डावीकडून तिसरी खिडकी ताईची. आता त्या गजांवर कुणाचा तरी हिरवा टॉवेल वाळत असतो. डोळ्यांत घाम गेला म्हणून जरा थांबले आणि परत फिरले.

घरी आले तर हे नाहीत. माझ्यामागून आले, हातात दुधाची पिशवी. दुधाचं दुकान इमारतीच्या खालीच आहे, त्याला पाऊण तास! निवृत्त माणसाचं बरं असतं.

२० जानेवारी, शुक्रवार

कपड्यांची अडचण सुटली. लाँड्रीत एक कपाट आहे, गिऱ्हाइकांनी टाकलेल्या आणि परत न नेलेल्या कपड्यांचं. त्यातून तीन वर्षं पडून असलेली निळी ट्रॅकपँट काढली. माझ्याबरोबर काम करणारी तुरटी (मशीनच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवते, म्हणून सगळे तिला तुरटीच म्हणतात) घाबरली. "अगं, गिऱ्हाईक आलं तर काय सांगू?"

"त्याला माझ्यामागे पळायला सांग."

आजही पंपाच्या कोपऱ्यावर थांबले. घामाचं काहीतरी करायला हवं. तुरटी म्हणते कपाळाला पट्टी बांध.

५ फेब्रुवारी, रविवार

शुश्रूषागृहात गेले होते. देणगीच्या कागदावर मेट्रनबाईंचा शिक्का हवा होता. वर जायचं नाही असं ठरवून गेले आणि गेलेच. छत्तीस पायऱ्या. पूर्वी मधल्या वळणावर थांबावं लागायचं, आज एका दमात चढले.

ताईच्या खाटेवर आता एक बाई आहेत. भूगोल शिकवायच्या. कमरेखालचं शरीर हलत नाही. मला वाटलं होतं, तिथे दुसरं कुणी बघून राग येईल. पण त्यांनी बोलायला सवडच दिली नाही.

"ती निळ्या पँटवाली तूच ना? कोपऱ्यावर येतेस आणि परत फिरतेस. पुढे का जात नाहीस? पुढे पूल आहे, पुलापलीकडे सपाट रस्ता आहे. नकाशात बघ."

मी म्हटलं, जाईन.

"आणि लिफ्टचं खरं का? चौदा महिने झाले, मी मातीवर पाय ठेवलेला नाही. पाय चालत नाहीत ते सोड, पण ठेवता तर येतील."

म्हणजे ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. घरी येऊन सांगणार होते, पण विषय बंद आहे आणि तो मीच केला आहे.

२६ फेब्रुवारी, रविवार

आज पुलापर्यंत जाऊन आले. सहा किलोमीटर. चालले फक्त दोनदा.

जे कुणाला सांगितलं नाही ते लिहून टाकते. खाली बागेत एक बाक आहे. त्यावर बसायचं एवढंच ताई मागायची. लिफ्ट नव्हती हे खरं, पण खुर्चीसकट उचलून चार माणसांनी तिला खाली आणलं असतं. दहा मिनिटांचं काम. आमच्या लाँड्रीतले गाडीवाले तयार होते. मी म्हणायचे, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी हॉटेलच्या चादरींचं काम यायचं. मग पाऊस यायचा. मग कुणी गाडीवाला रजेवर असायचा. अकरा महिन्यांत किती रविवार येतात ते मी मोजत नाही. ताई खाली आली ती एकदाच, आणि त्या दिवशी माणसं मात्र लगेच मिळाली.

मला माझीच लाज वाटते. लिफ्ट झाली म्हणजे ही लाज जाईल असं मला वाटत नाही. तरीही लिफ्ट झालीच पाहिजे.

१२ मार्च, रविवार

उजवा गुडघा बोंबलतोय. बाथरूमच्या फळीवर मलमाची नवी ट्यूब दिसली. तुरटीनेच पाठवली असणार, तिचा जीव आहे माझ्यावर. ह्यांना विचारलं तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता "असेल" म्हणाले. या माणसाला घरात काय येतं, काय जातं, त्याचा पत्ता नसतो.

एक चांगलं झालं. पुलाजवळची कुत्री पहिल्या दिवशी अंगावर आली होती, ती हल्ली रस्त्यावर येतच नाहीत. लांब, पुलाच्या कठड्यापाशी काहीतरी खात बसलेली असतात. आणि घरातला ब्रेड दोन दिवसांत संपतोय. ह्यांचं खाणं वाढलंय. बसून असलं की भूक लागतेच.

२१ मार्च, मंगळवार

भांडण झालं. मी बूट घालत होते, तर हे दारात येऊन उभे. "आज नको जाऊस. काल गुडघा धरून जिना चढत होतीस."

"मी कशी चढते ते बघायला तुम्ही कुठे होता?"

ह्यांनी दाराची कडी उगाच वर-खाली केली.

"छातीत कळ आली तर?" म्हणाले.

"तर झोपेन रस्त्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायची सवय आहे तुम्हाला, माझीही करा."

जास्तच बोलले. पण सुटलेला शब्द परत कसा घेणार? पळायला गेले आणि रागाच्या भरात सात किलोमीटर झाले. आज कोपऱ्यावर थांबले तेही अगदी थोडं.

१६ एप्रिल, रविवार

पहिल्यांदा पूर्ण दहा. वेळ, एक तास सदतीस मिनिटं. म्हणजे सात मिनिटं जास्त.

घरी येऊन जमिनीवर आडवी पडले आणि मनात आलं, जाऊ दे. छप्पन्न वर्षांच्या बाईने सात मिनिटं कुठून आणायची? फरशीवाल्यांना सांगावं, तुमचं खरं. मग ते हसणं आठवलं. उठून आंघोळ केली. दुपारी त्यांचे सहा शर्ट आले, त्यातला एकेक असा दाबून इस्त्री केला की तुरटी म्हणाली, "अगं, कापड आहे ते, वैरी नाही!"

देणार नाही. सात मिनिटं मी त्यांना देणार नाही.

२९ एप्रिल, शनिवार

शर्यतीच्या कचेरीतून छातीवर लावायचा नंबर आणला. १३६२. घडी घालून पिशवीत कोंबलेला, रुमालासारखा चुरगळलेला. एवढे लोक बघणार आणि मी असला नंबर लावून जाऊ? सदतीस वर्षं इस्त्री हातात आहे माझ्या.

मागच्या बाजूला फोमची एक पट्टी चिकटवलेली होती. आमच्याकडे प्रत्येक कपड्याला खुणेची पट्टी लावतात आणि इस्त्रीआधी ती काढायचीच, नाहीतर कापडावर वळ उमटतो. काढली, कचऱ्यात टाकली. नंबरावर सुती फडकं अंथरलं, पाण्याचा हलका हात फिरवला आणि कोमट इस्त्री. असा नंबर उद्या कुणाचा नसेल.

ह्यांना म्हटलं, "उद्या सकाळी साडेसहाला सुटणार आहे शर्यत." विषय मी बंद केला होता, मीच उघडला. म्हणाले, "एवढ्या गर्दीत कोण येणार? मी झोपणार आहे." बरं. झोपा.

३० एप्रिल, रविवार

पळाले!

सुरुवातीला गर्दीत कोपर लागलं, कुणाच्या बाटलीतलं पाणी अंगावर उडालं. पहिले दोन किलोमीटर सगळेच माझ्या पुढे जात होते. एक मुलगी जाताना "कम ऑन आजी" म्हणाली. तिला आठव्या किलोमीटरला मी मागे टाकलं आणि "कम ऑन नात" म्हटलं. तिलाही हसू आलं.

पंपाचा कोपरा तिसऱ्या किलोमीटरला होता. वर बघितलं तर खिडकीत भूगोलवाल्या बाई. दोन मदतनिसांनी त्यांना धरून बसवलं होतं आणि त्या हिरवा टॉवेल गरागरा फिरवत होत्या. ओरडत काय होत्या ते ऐकू आलं नाही. बहुतेक रस्ताच सांगत असतील. मी हात केला आणि पळत राहिले.

नवव्याला पोटात पेटका आला. शिव्या घातल्या, स्वतःला, फरशीवाल्याला, ह्यांनाही. शेवटच्या कमानीखालून गेले तेव्हा वरच्या घड्याळात एक तास अठ्ठावीस मिनिटं आणि काही सेकंद होते. सेकंद बघायला डोळे थाऱ्यावर नव्हते.

घरी आले तर हे खुर्चीत. "झाली?" म्हणाले. "झाली." गरम पाणी आधीच काढून ठेवलेलं होतं. एवढं तरी सुचलं.

२ मे, मंगळवार

निकाल लागला. त्यात मी नाही.

तुरटीने तिच्या फोनवर तीनदा शोधलं. १३६१ आहे, १३६३ आहे. माझ्यापुढे लिहिलंय, 'धावले नाहीत'.

कचेरीत गेले. तिथल्या मुलीने नंबर मागितला, उलटा केला आणि विचारलं, "पट्टी कुठे आहे?"

"कुठली पट्टी?"

"मावशी, त्या पट्टीतच वेळ नोंदवणारी चिप असते. ती कमानीखालून गेली की मशीन वेळ घेतं. तुम्ही पळालात ते मशीनला कळलंच नाही."

इतक्या वर्षांत हजारो पट्ट्या काढल्या, एकही चूक नाही. आणि जी काढायची नव्हती ती एवढ्या निगुतीने काढली. मुलगी नंबराकडे बघत म्हणाली, "इस्त्री मात्र छान केलीये." मी तिच्या टेबलावर डोकं टेकवून हसले.

फोटो आहेत का विचारलं. शेवटच्या फोटोंत मी एका उंच माणसामागे आहे, फक्त निळी पँट दिसते.

३ मे, बुधवार

फरशीवाले शर्ट न्यायला आले. पावती खिशातच होती त्यांच्या. "मावशी, माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण लिहिलंय ना आपण, अधिकृत निकालात नाव. व्यवहार म्हणजे व्यवहार."

सगळी लाँड्री आमच्याकडे बघायला लागली. मशीनसुद्धा नेमकी तेव्हाच थांबली.

मी म्हटलं, "ठीक आहे. येत्या रविवारी परत पळते. तोच रस्ता, तेच दहा किलोमीटर. तुम्ही स्कूटर घेऊन शेजारून चला, घड्याळ तुमचं. कचेरीतल्या मुलीला मी सही करायला घेऊन येते."

"अहो, पाय बघा तुमचे. परवापासून लंगडताय."

"पाय माझे आहेत. तुम्ही पेट्रोल भरून या."

घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. पट्टी, निकाल, रविवार. ओरडतील असं वाटलं होतं. हे उठले, आत गेले, आणि बाहेर येऊन चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवला. छोट्या वहीतून फाडलेला, पेन्सिलीने लिहिलेला.

'३० एप्रिल. १३६२. सुटली ६:३०. पंप ६:५७, पुढे ५५१, मागे १९०८. पूल ७:२३, पुढे १२०७, मागे ३३०. शेवट ७:५८:२०, पुढे ८१७, मागे २०४०.'

"तुम्ही आला होतात?"

"गाडी सुटली की नोंद करावी लागते," म्हणाले. "माझ्या घड्याळाचं सोड. पुढच्या-मागच्या नंबरांच्या वेळा मशीनकडे असतील. त्यांच्यामध्ये तू आहेस. डेपोत ड्रायव्हर वेळेवरून खोटं बोलले की आम्ही असंच पकडायचो."

"तीन ठिकाणी? पायी?"

"गल्ल्या माहीत आहेत."

मी वही मागितली. नाही म्हणाले. डेपोची वही बाहेरच्यांना दाखवत नाहीत म्हणे. मी बाहेरची! एवढं चांगलं वागून शेवटी माती खाल्लीच.

५ मे, शुक्रवार

कचेरीतल्या मुलीने कागद समोर ठेवून यादी काढली. ८१७, एक तास अठ्ठावीस मिनिटं पाच सेकंद. २०४०, एक तास अठ्ठावीस मिनिटं एकेचाळीस सेकंद. पंपाचे आणि पुलाचे नंबरही जुळले. तिने तिच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हे गृहस्थ आमच्याकडे कामाला येतील का?" निकालात ओळ घातली. १३६२, माझं नाव, १:२८:२०.

संध्याकाळी फरशीवाल्यांचे सहा शर्ट बांधले आणि वर निकालाचा कागद ठेवला. आले, वाचलं, पुन्हा वाचलं. "मा..." म्हणाले. मी वरच्या शर्टाच्या कॉलरकडे बघितलं, मग त्यांच्या केसांकडे. "बाई," म्हणाले, "मानलं तुम्हाला." चेक तिथेच लिहिला. वाकडा माणूस, पण शब्दाला जागला.

१० सप्टेंबर, रविवार

चार महिने या वहीत काही लिहिलं नाही. सगळा वेळ उरलेल्या देणग्या गोळा करण्यात आणि लिफ्टवाल्यांच्या मागे लागण्यात गेला. आज ती सुरू झाली.

पहिल्या फेरीत भूगोलवाल्या बाई. चाकांच्या खुर्चीतून बागेत आल्या आणि मी त्यांचे मोजे काढून पाय जमिनीवर टेकवले. मला वाटलं आता डोळे पुसतील. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि मेट्रनबाईंना म्हणाल्या, "हा बाक उत्तरेकडे तोंड करून कुणी ठेवला? ऊन पाठीवर येतं. फिरवा."

मी आणि ह्यांनी बाक उचलून फिरवला. जड होता. मग त्यावर आम्ही दोघं बसलो. ताईची जागा कोणती झाली असती ते मी ह्यांना दाखवलं. तिथे हे बसले नाहीत, जरा सरकून बसले. जानेवारीत जे विचारलं होतं त्याबद्दल काही म्हणाले नाहीत, मीही काढलं नाही. ह्यांनी खिशातून वही काढून लिहिलं, 'दुसरा मजला ते तळ, बावीस सेकंद.' मग हे सगळ्यांसाठी चहा आणायला गेले आणि वही बाकावरच राहिली.

मी बाहेरची असले तरी उघडली. पहिलं पान.

'११ जाने. पंप ६:१४. थांबली. रडली. ४ मि.'

'१२ जाने. पंप ६:१३. थांबली. रडली. ४ मि.'

अशी पानंच्या पानं. दूध आणायच्या सगळ्या सकाळी. फेब्रुवारीत तीन मिनिटं. १३ मार्च, 'गुडघा. मलम लावलं वाटतं.' २१ मार्च, 'रागावलीय. १ मि.' मध्येच एका ओळीत 'कुत्री ४, ब्रेड ६'. मग अर्धं मिनिट. आणि ज्या पानाच्या मागचा कागद फाडलेला होता त्यावर एकच ओळ, '३० एप्रिल. पंप. थांबली नाही.'

हे चहा घेऊन येताना दिसले. वहीत पेन्सिल होतीच. पहिल्या पानावर, ११ जानेवारीच्या ओळीखाली, मी लिहिलं: 'घाम होता.'